इंजिन बदलले, तेलाचे काय?

इंजिन बदलले की गाडीचे वय कमी होते, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. जुन्या गाडीचे देखणे रूप कायम राहावे आणि तिच्या पोटात मात्र नव्या काळाचे जोरकस इंजिन धडधडावे, ही हौस काही वाईट नव्हे. परंतु या हौसेचा हिशेब मांडताना माणसे जोर मोजतात, पेट्रोल मोजतात, खर्चही मोजतात. जोराबरोबर जी उष्णता पदरात पडते तिची मोजदाद मात्र सहसा कोणी करीत नाही. ती उष्णता निमूटपणे सोसणारे जे तेल, त्याच्याविषयी येथे चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा विषय आम्हांला सुचला तो इंदिरानगरातल्या एका गॅरेजमुळे. दोन-तीन वर्षांपूर्वी तेथला एक तरुण कारागीर आमच्याकडे आला. तक्रार पगार कापल्याची होती. अशा तक्रारी ऐकण्यातच आमचे आयुष्य गेले आहे. एका हौशी गृहस्थांची जुनी, उघड्या टपाची, दोन आसनांची इंग्रजी गाडी होती. तिच्यात या पोराने मोठे इंजिन बसवून दिले होते. मुंबईहून परत येताना कसाऱ्याच्या घाटात तेलाचा लाल दिवा लुकलुकला, इंजिनातून खडखड ऐकू आली आणि गाडी थांबली ती थांबलीच. दोष कारागिराच्या माथी आला. “काका, तेल तर नवंच ओतलं होतं,” एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. यंत्रशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे शिकलो ते उसन्या पुस्तकांतून आणि अशा पोरांच्या शेजारी उकिडवे बसून. तेव्हा भांडावयाचे ते समजून भांडावे, म्हणून आम्ही उघडलेल्या इंजिनापाशी जाऊन बसलो. क्रँकची बेअरिंगे पुसल्यासारखी झिजली होती. तेल नवे होते हे खरे. पण ते तापून इतके पातळ झाले होते की लोखंडाला लोखंडापासून दूर ठेवण्याचे बळ त्यात उरले नव्हते.

इंजिनाची अदलाबदल ही काही नवी गोष्ट नव्हे. १९६२ साली ए. सी. या इंग्रजी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन घालून कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने कोब्रा गाडी उभी केली. १९६४ साली सनबीम टायगर आली. तिच्या मूळच्या चार सिलिंडरांच्या जागी सव्वाचार लिटरांचे आठ सिलिंडरांचे इंजिन कोंबताना जागा इतकी अपुरी पडली की अगदी मागचा एक स्पार्क प्लग काढण्यासाठी बैठकीकडच्या पत्र्यात भोक ठेवावे लागले. अशा दाटीत ती गाडी तापू लागली यात नवल ते काय! आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९८५ साली फियाट १२४ वर आधारलेल्या गाडीत निस्सानचे इंजिन बसवून ‘११८ एन. ई.’ बाजारात आणली. नाशिककरांच्या परिचयाची गोष्ट म्हणजे महिंद्रची जीप. विलिस घराण्यातल्या या गाडीला पुढे इगतपुरीच्या कारखान्यात तयार झालेले, पेजो कंपनीच्या रचनेचे डिझेल इंजिन मिळाले. पण कारखान्यात असा बदल होतो तेव्हा त्यामागे आराखडे असतात, चाचण्या असतात, मोजमाप घेणारी माणसे असतात. गल्लीतल्या गॅरेजात हे सारे एकट्या कारागिराच्या अनुभवावर सोपविलेले असते.

आता तेल करते काय ते पाहू. इंजिनाच्या तळाशी जे भांडे असते त्याला गॅरेजात चेंबर म्हणतात. तेथून पंप तेल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि बारीक वाटांनी बेअरिंगांपर्यंत पोहोचवितो. फिरता क्रँक तेथे तेलाच्या एका पापुद्र्यावर तरंगत असतो. भरभक्कम भाराखाली हा पापुद्रा आपल्या केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ असतो. वंगण करणे हे तेलाचे एक काम. पिस्टन व बेअरिंगे यांची उष्णता अंगावर घेऊन चेंबरात आणून टाकणे हे दुसरे. जेथे रेडिएटरचे पाणी पोहोचत नाही, तेथे तेल पोहोचते. मात्र तेल जसे तापते तसे पातळ होते. २०-डब्ल्यू-५० जातीचे तेल ४० अंशांवर जेवढे दाट असते, त्याच्या मानाने १०० अंशांवर ते आठ-नऊ पट पातळ असते. साधारणपणे ९० ते ११० अंश सेल्सिअस ही त्याची सुखाची मर्यादा. १३० च्या पुढे ते फार काळ राहिले तर ते पातळ होतेच, शिवाय लवकर नासते. दर दहा अंशांमागे नासण्याचा वेग दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे.

मग नव्या इंजिनाने तेल अधिक का तापते? नवे इंजिन मोठे आहे एवढेच त्याचे कारण नव्हे. सपाट रस्त्यावर त्याच वेगाने जावयाचे तर गाडीला लागणारी शक्ती तीच. जास्तीचा जोर तेथे निजलेला असतो. तो जागा होतो घाटात. समजा, एक हजार किलो वजनाची गाडी वीस मीटरांमागे एक मीटर चढणारा रस्ता ताशी ४० किलोमीटरांनी चढते. केवळ उंची गाठण्यासाठी तिला सात-साडेसात अश्वशक्ती लागते. तोच चढ ताशी ८० ने चढला तर पंधराच्या आसपास लागते. वाऱ्याचा विरोध वाढतो तो वेगळाच. घाट तेवढाच, काम तेवढेच, पण ते निम्म्या वेळात उरकावयाचे. म्हणून दर मिनिटाला निर्माण होणारी उष्णता दुपटीहून अधिक. कामाचा वेग वाढविला की घाम वाढतो, हे कारखान्यात काम केलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. शिवाय एंजिन धापा टाकीत चढे तेव्हा जुना चालक मध्ये थांबून त्याला विसावा देत असे. नव्या जोराने तो विसावाही काढून घेतला.

त्यात बसविण्याच्या अडचणींची भर पडते. इंजिन चॅसिसच्या आडव्या पट्टीला अडते म्हणून चेंबर कापून उथळ करतात. आमच्या या गाडीत नेमके हेच झाले होते. पाच लिटरांच्या जागी चार लिटर तेल राहिले, म्हणजे तेलाचा प्रत्येक थेंब पूर्वीपेक्षा अधिक फेऱ्या मारणार आणि चेंबरात त्याला निवण्यास कमी वेळ मिळणार. वळणावर तेल एका बाजूला गेले की पंपाच्या तोंडाशी हवा येते, हा आणखी एक धोका. फिल्टर एक्झॉस्टच्या तापल्या पाइपाशेजारी येतो. समोरून आत शिरलेल्या वाऱ्याला मोठ्या इंजिनामुळे बाहेर पडावयास वाट उरत नाही. आणि ज्या वाऱ्याला बाहेर पडता येत नाही तो आतही पुरेसा येत नाही.

यावर बहुतेकांचा उपाय एकच: मोठ्यात मोठा ऑइल कूलर आणून पुढे टांगावयाचा. येथेच थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे. आधी मोजावे, मग विकत घ्यावे. तेलाच्या उष्णतेचा मीटर आणि तेलाच्या दाबाचा मीटर या दोन वस्तूंचा खर्च एका बेअरिंगच्या दुरुस्तीपुढे काहीच नव्हे. लाल दिव्यावर विसंबू नये. दाब जवळजवळ संपल्यावर तो लागतो, तोवर बेअरिंगचे नुकसान सुरू झालेले असते. तेल गरम असताना दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड दाब असावा, हा जुन्या कारागिरांचा ठोकताळा पुष्कळ इंजिनांना लागू पडतो. उन्हाळ्यात एकदा गावात, एकदा महामार्गावर आणि एकदा घाटात गाडी चालवून आकडे वहीत लिहून ठेवावेत. ११० च्या आत राहिले तर कूलर नकोच.

कूलर लागलाच, तर त्याच्याबरोबर तेलाचा थर्मोस्टॅटही हवा. ८० अंशांच्या आसपास तो उघडतो व तोवर बहुतेक तेलाला कूलरकडे जाऊ देत नाही. कारण थंड तेल हेही वाईटच. ज्वलनात तयार झालेली पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन तेलात उतरते. तेल पुरेसे तापले तरच ते उडून जाते, एरवी चिखल साचतो. नाशिकच्या हिवाळ्यात घरापासून बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीला उघडा कूलर म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला थंड पाण्याने आंघोळ. पाण्याने तेल निववणारा कूलर अशा वेळी सोईचा पडतो, कारण सकाळी तोच तेलाला ऊबही देतो. मात्र त्यासाठी रेडिएटर नव्या इंजिनाच्या मापाचा असला पाहिजे.

हवेचा कूलर शक्यतो रेडिएटरच्या पुढे न ठेवता बाजूला ठेवावा. त्याला स्वतःची वारा येण्याची व जाण्याची वाट द्यावी आणि रबराच्या टेकूंवर बसवावा. तोंडे वर किंवा बाजूला असावीत, म्हणजे आत हवा अडकत नाही. पाण्याचा पाइप क्लिप आवळून तेलाला लावण्याचा मोह टाळावा. सकाळच्या गार तेलाचा दाब १०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. उष्ण तेलाचा व त्या दाबाचा, सुमारे अर्धा इंच आतल्या व्यासाचा, तोंडे यंत्राने दाबून बसविलेला पाइपच वापरावा. असा पाइप तापल्या एक्झॉस्टवर सुटला तर आग लागते. बसवून झाल्यावर प्लग काढून, इंधन बंद ठेवून, दाब दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरने फिरवावे, आणि कूलर-पाइपांत गेलेले तेल पुन्हा भरावे. बेअरिंग गेलेल्या इंजिनाचा जुना कूलर नव्या इंजिनाला कधीही जोडू नये. त्याच्या जाळीत अडकलेला धातूचा कीस धुऊन निघत नाही, आणि नव्या बेअरिंगचा घास घेतो.

त्या तरुणाने हे सारे केले. चेंबरला बाजूने पत्रा वाढवून तेल पुन्हा पाच लिटर केले, मीटर बसविले आणि एप्रिलच्या दुपारी तोच घाट चढून आकडे लिहून आणले: १३५. मग मध्यम आकाराचा कूलर, थर्मोस्टॅट आणि बॉनेटच्या मागच्या अंगाला वाऱ्याची वाट. पुन्हा तोच घाट, तशीच दुपार: १०८. ती वही त्याने गॅरेजमालकासमोर ठेवली. चेंबर कापण्याचा निर्णय कोणाचा होता, हेही त्याच वहीत पहिल्या पानावर, कामाच्या तारखेसह लिहिलेले होते; तो मालकाचाच होता. कापलेला पगार दोन हप्त्यांत परत मिळाला.

आज त्या गॅरेजात इंजिन बदलावयास येणाऱ्या प्रत्येक गाडीची वही ठेवतात. मीटरवाचून गाडी घाटात नेत नाहीत. जोर सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. त्या जोराचा ताप कोण सोसतो, हे मात्र मोजल्यावाचून कळत नाही.