एकच प्रोग्राम, अनेक प्रती : भरवसा किती ठेवावा?

संगणक शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वप्रथम एक भेद समजून घेतला पाहिजे. प्रोग्राम म्हणजे लिहून ठेवलेल्या सूचना. संगणक त्या सूचना अमलात आणू लागला, म्हणजे त्या चालू कामाला 'प्रोसेस' असे म्हणतात. पाककृती एकच असली तरी तिच्यावरून दोन चुलींवर दोन भाज्या शिजविता येतात. त्याचप्रमाणे एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रती एकाच वेळी चालविता येतात. त्या एका संगणकावर चालतील किंवा निरनिराळ्या संगणकांवरही चालतील.

जेथे माणसांचे प्राण पणाला लागलेले असतात, तेथे या सोयीचा मोठा उपयोग होतो. १९८१ ते २०११ या काळात उड्डाणे करणाऱ्या अमेरिकेच्या स्पेस शटल यानात पाच संगणक असत. उड्डाण व अवतरण या कसोटीच्या वेळी त्यांपैकी चार संगणक एकच प्रोग्राम चालवीत आणि परस्परांची उत्तरे ताडून पाहत. एखाद्या यंत्रात बिघाड झाला, तर त्याचे उत्तर इतरांहून वेगळे येई व तो तत्काळ ओळखता येई.

परंतु दोष यंत्रात नसून प्रोग्राममध्येच असेल तर?

या प्रश्नाचे उत्तर ४ जून १९९६ रोजी मिळाले. त्या दिवशी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना येथून युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण पहिल्यांदाच झेपावला. त्याची दिशा व गती मोजणारे दोन संच होते. एक कामावर, दुसरा राखीव. दोन्हींत प्रोग्राम तोच होता आणि त्याचा बराचसा भाग जुन्या एरियान-४ वरून घेतलेला होता. आडव्या वेगाशी निगडित एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवावयाची होती. त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग पुष्कळ अधिक असल्याने ती मर्यादा ओलांडली गेली आणि कामावरचा संच बंद पडला. राखीव संचाकडे वळावे, तर तोही त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडलेला! सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला आणि त्यावरील चार 'क्लस्टर' उपग्रह गेले.

याचा अर्थ काय? एका विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या वहीतून गणित उतरवून घेतले आणि दोघांची उत्तरे जुळली, तर त्यावरून उत्तर बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. प्रती वाढविल्याने यंत्राच्या बिघाडापासून संरक्षण मिळते, विचारातील चुकीपासून नाही. म्हणूनच स्पेस शटलच्या पाचव्या संगणकात निराळ्या गटाने स्वतंत्रपणे लिहिलेला राखीव प्रोग्राम ठेवलेला असे.

विद्यार्थी मित्रांनी यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. जुना प्रोग्राम नव्या कामास लावण्यापूर्वी तो नव्या परिस्थितीतील आकड्यांवर तपासून पाहावा. आणि 'दुसरी प्रत आहेच' असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे विचारावे : पहिली ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने दुसरी बंद पडणार नाही ना?