मेलेले पंधरा, बंदूक एक

मारलेले शत्रू १०,८९९. हस्तगत हत्यारं ७४८.

हे दोन्ही आकडे अमेरिकी लष्कराचेच आहेत. डिसेंबर १९६८ ते मे १९६९ या काळात दक्षिण व्हिएतनाममध्ये, मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, नवव्या इन्फन्ट्री डिव्हिजनने 'स्पीडी एक्स्प्रेस' नावाची मोहीम चालवली, तिचा हा हिशेब. पहिला आकडा मी प्रथम वाचला तेव्हा, लाज वाटावी पण खरं आहे, मला बाटाच्या चपलांची किंमत आठवली. शेवटचे ते नव्याण्णव! चिखल, कालवे, भातखाचरं, त्यात निम्मं युद्ध रात्रीचं आणि हेलिकॉप्टरमधून लढलेलं. तिथे शेवटचा एकेक मुडदा कुणी मोजला असेल?

पण खरी गोम दुसऱ्या आकड्यात आहे. वहीच्या मागच्या पानावर भागाकार करून बघा. सुमारे साडेचौदा येतात. म्हणजे एका बंदुकीमागे जवळपास पंधरा मेलेले 'सैनिक'. दिवसाचा हिशेब केला तर रोज साठ माणसं मारली आणि रोज चार हत्यारं मिळाली. डिव्हिजनचं यावर उत्तर तयार होतं: बरेचसे बळी रात्री आणि हवेतून घेतले, आणि गनिमांच्या अनेक तुकड्यांत प्रत्येकाकडे स्वतःचं हत्यार नसतं. १९७२ मध्ये 'न्यूजवीक'च्या केव्हिन बक्लीने हाच भागाकार वाचकांसमोर मांडला. बिनहत्यारी इतके जण कोण होते, हे त्याने गावोगाव फिरून, लोकांना विचारून शोधलं होतं. त्याच वर्षी लष्कराच्या स्वतःच्या अंतर्गत चौकशीने अंदाज काढला, की या मोहिमेत पाच ते सात हजार सामान्य नागरिक हताहत झाले असावेत. तो कागद कित्येक वर्षं बाहेर आला नाही.

मुळात मुडदे मोजायची वेळ का आली? दुसऱ्या महायुद्धात नकाशावर टाचण्या सरकवता यायच्या. आज हे शहर घेतलं, उद्या तो पूल. व्हिएतनाममध्ये आघाडीची रेषाच नव्हती. सकाळी रक्त सांडून घेतलेली टेकडी आठवड्याने सोडून दिली जायची. मग प्रगती दाखवायची कशी? संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा फोर्ड कंपनीच्या अध्यक्षपदावरून पेंटागॉनमध्ये आलेले, आकड्यांत मुरलेले गृहस्थ. सेनापती वेस्टमोरलंड यांचा सिद्धांतही सरळ होता: शत्रू नवी माणसं उभी करतो त्याहून जास्त माणसं मारत राहिलो, की एक दिवस तराजू आपल्या बाजूने झुकेल. या सिद्धांतात मुडदा हेच मोजमाप.

आणि मोजमापावर बढती अवलंबून असेल, तर माप वाढतंच. कंपनीचा कॅप्टन झाडीत अडकलेला, वरून रेडिओवर प्रश्न येतो: किती मारले? तो म्हणतो, दोन दिसतायत, पुढे रक्ताचा माग आहे. बटालियनच्या कागदावर त्याचे पाच होतात. तेच पाच तोफखाना आपल्या खात्यात धरतो, तेच हवाई दल. व्हिएतनाममध्ये अधिकारपदं भूषवलेल्या अमेरिकी जनरलांना डग्लस किनार्ड या निवृत्त जनरलने पुढे प्रश्नावली पाठवली. मुडद्यांची मोजणी हे प्रगतीचं योग्य मोजमाप होतं असं म्हणणारे निघाले दोन टक्के. ६१ टक्क्यांनी सांगितलं की आकडे अनेकदा फुगवलेले असायचे. आकडे ज्यांच्या सहीने पुढे जात होते, त्यांचं हे मत!

सायगावमध्ये रोज संध्याकाळी पत्रकारांपुढे हे आकडे वाचून दाखवले जायचे. पत्रकारांनी त्या बैठकीचं नाव 'पाचचा फार्स' पाडलं होतं. मराठीत तमाशा म्हटलं असतं, पण तमाशात निदान सोंगाड्या राजाला टोमणा मारू शकतो.

मुडदे कमी पडले म्हणून की काय, १९६७ पासून गावंही मोजायला घेतली. बारा हजारांहून जास्त वाड्यावस्त्या. प्रत्येकीला दर महिन्याला अठरा निकषांवर गुण, अ पासून इ पर्यंत श्रेणी, आणि पूर्ण शत्रूच्या ताब्यात असेल तर वेगळं अक्षर. गुण देणारे सव्वादोनशेच्या आसपास अमेरिकी जिल्हा सल्लागार, म्हणजे एकेकाच्या वाट्याला पन्नासहून जास्त वाड्या. भाषा येत नाही, दुभाषा सोबत, रस्त्यात सुरुंग. पन्नास वाड्यांत महिन्याभरात पाऊल टाकणंही अवघड, मग गावकऱ्यांच्या मनात काय आहे ते कळणं दूरच. तरी या यंत्रणेतून महिन्याला सुमारे नव्वद हजार पानं बाहेर पडत. एकावर एक रचली तर तीन मजली इमारतीएवढी चळत होईल, आणि ती दर महिन्याला नवी. १९६७ संपताना त्या चळतीतून निष्कर्ष निघाला, की ६७ टक्के लोक बऱ्यापैकी सुरक्षित प्रदेशात राहतात. त्याच नोव्हेंबरात वेस्टमोरलंड वॉशिंग्टनला येऊन सांगून गेले होते, की शेवट दिसू लागला आहे.

१९६८ च्या जानेवारीअखेरीस, व्हिएतनामी नववर्षाच्या सुट्टीत, शंभराहून अधिक गावांवर आणि शहरांवर एकाच वेळी हल्ला झाला. सायगावमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आवारातसुद्धा शत्रू घुसला. लष्करी दृष्टीने त्या हल्लेखोरांचा पराभव झाला, हे खरंच आहे. पण आता आकडे वाचणारे बदलले होते.

मार्चमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या बुजुर्ग सल्लागारांना परराष्ट्र खात्यात माहिती देण्यात आली. बोलणारे होते जनरल विल्यम डिप्यू. ऐकणाऱ्यांत आर्थर गोल्डबर्ग होते, सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, तेव्हा संयुक्त राष्ट्रांतले राजदूत. या प्रसंगाच्या हकिकतींमध्ये आकडे थोडे इकडेतिकडे होतात, गणित मात्र एकच राहतं. जनरल म्हणाले, या हल्ल्यात शत्रूचे ८० हजार मारले. गोल्डबर्गनी विचारलं, एका मृतामागे जखमी किती धरायचे? बेताने धरले तरी तीन, असं उत्तर आलं. आणि हल्ल्याआधी शत्रूचं एकूण बळ किती होतं? दोन लाख तीस हजार. ८० हजार मेले, दोन लाख चाळीस हजार जखमी. एकूण सैन्यापेक्षा नुसते जखमीच दहा हजारांनी जास्त! मग, गोल्डबर्गनी विचारलं, आपण लढतोय तरी कुणाशी?

चौथीतल्या मुलाला जमेल एवढंच ते गणित. सीआयएतला सॅम अॅडम्स तेच दीडेक वर्ष ओरडून सांगत होता, उलट्या बाजूने: शत्रूची संख्याच मुळात कमी धरली आहे. बिन्ह दिन्ह या एका प्रांतात सरकारी कागदावर गनीम आणि मिलिशिया मिळून साडेचार हजारांच्या आसपास होते. हाती लागलेल्या शत्रूच्या दस्तऐवजात ते पन्नास हजारांच्या घरात निघाले. पण संख्या वाढवली, तर एवढी माणसं मारून प्रगती कुठे झाली असं वर्तमानपत्रं विचारतील, ही लष्करातल्या वरिष्ठांची भीती होती. सल्लागारांच्या त्या बैठकीनंतर आठवड्याच्या आत जॉन्सननी दूरचित्रवाणीवर जाहीर केलं, की आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही.

सैन्य पाठवणं ही चूक होती का, असं गॅलपने १९६५ च्या ऑगस्टमध्ये विचारलं तेव्हा २४ टक्के अमेरिकी हो म्हणाले. तीन वर्षांनी ५३ टक्के. यातल्या बहुतेकांनी सरकारी अहवाल कधी पाहिलेही नसतील. त्यांना तो रोज पेपरात चार ओळींत भेटत होता. १७ मार्च १९६८ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर अशीच बातमी होती, आदल्या दिवशीच्या चकमकीत शत्रूचे १२८ ठार झाल्याची. लष्कराच्या नोंदीत हस्तगत हत्यारं होती तीन. त्या गावाचं नाव माय लाय. व्हिएतनाम सरकार तिथल्या मृतांचा आकडा ५०४ सांगतं, आणि त्यात बायका, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं आहेत.

अर्ध्या शतकानंतर अफगाणिस्तानात मुडद्यांऐवजी हजेरीपट आला. कागदावर तीन लाख अफगाण सैनिक-पोलीस, पगाराचा मोठा भाग अमेरिकेच्या पैशातून. नावं बोटांच्या ठशांशी ताडून बघायला लागल्यावर २०१९ मध्ये पटावरची सुमारे ४२ हजार माणसं गळाली. ८ जुलै २०२१ रोजी अध्यक्ष बायडेन यांनी तीन लाख विरुद्ध तालिबानचे ७५ हजार, अशी तुलना केली. त्यानंतर अडतिसाव्या दिवशी काबूल पडलं.

त्याच्या बरंच आधी एक गोष्ट झाली होती, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. देशात ४०७ जिल्हे धरले जायचे, त्यांतले किती सरकारकडे आणि किती तालिबानकडे, हे अमेरिकी लष्कर ठरावीक काळाने मोजायचं आणि पुनर्बांधणीवर देखरेख करणारे महानिरीक्षक ते छापायचे. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारकडे ५३.८ टक्के जिल्हे होते. त्यापुढची मोजणी लष्कराने बंद केली. निर्णय घ्यायला त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही, असं कारण दिलं.