आईचा अंदाज आणि छापील पुस्तक

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या अंगणात एखादी नवविवाहित मुलगी वडीलधाऱ्या भगिनींना विचारते, “स्वयंपाकाचे कोणते पुस्तक घेऊ?” प्रश्न साधा खरा, परंतु सासरच्या अनोळखी चुलीपुढे उभ्या राहिलेल्या मुलीला त्याचे उत्तर फार मोलाचे वाटते.

बहुतेकींच्या तोंडी प्रथम नाव येते ते कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चे. 1970 साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने वाटी व चमचा ही घरचीच मापे गृहिणीच्या हाती दिली. पहिलेच पुस्तक घ्यावयाचे तर हेच घ्यावे. मात्र वाटी एकच ठरवावी आणि पदार्थ पुरा होईतो ती बदलू नये. प्रमाण बिघडते ते बहुधा येथेच.

कोणाच्या घरी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ असेल, तर ते जपून ठेवावे. अशी जुनी पुस्तके वाचताना मापांकडे लक्ष असावे. पक्का शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. छटाक त्याचा सोळावा भाग, म्हणजे सुमारे 58 ग्रॅम. परंतु मुंबईकडील जुना शेर याहून पुष्कळच लहान होता. तेव्हा पुस्तक कोठले, हे आधी पाहावे.

इतके झाले तरी आपल्या घरचा नाताळ कोणत्याच पुस्तकात पुरता सापडत नाही. बिबिंकाच घ्या. नारळाचे दूध, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, मैदा आणि तूप हे जिन्नस कोणीही लिहून देईल. वरून निखाऱ्यांची आच देऊन एकेक थर भाजावयाचा, हेही पुस्तक सांगेल. परंतु थराचा रंग कितपत चढला म्हणजे दुसरा थर ओतावा, हे आईच्या डोळ्यांनाच ठाऊक असते. विचारले तर ती म्हणते, “अंदाजाने गं!” आणि एके दिवशी आईबरोबर तो अंदाजही निघून जातो.

आणखी एक गोष्ट स्पष्टच बोलावी. कित्येकजणी कृती सांगतात, पण एखादा जिन्नस मुद्दाम गाळतात. आपल्या हातची चव दुसरीच्या हाती जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. पुनरुत्थित प्रभूने सरोवराकाठी निखाऱ्यांवर मासळी व भाकर सिद्ध ठेवून थकलेल्या शिष्यांना न्याहारीस बोलाविले. ज्यांनी त्याला संकटात सोडले होते, त्यांनाही त्याने वगळले नाही. मग आपण चिमूटभर जायफळ का लपवावे?

भगिनींनो, पुस्तक अवश्य घ्या. पण त्याबरोबर एक कोरी वहीही घ्या. येत्या नाताळास आईच्या शेजारी बसा. तिच्या ओंजळीतले पीठ भांड्यात पडण्यापूर्वी वाटीने मोजा, थराचा रंग पाहा, लागलेला वेळ टिपून ठेवा. आणि ती वही पुढे कोणी मागितली, तर एकही पान न गाळता द्या.