एग डोनरशी ओळख किती ठेवायची?

मागचा भाग स्त्रीबीजदानाच्या वैद्यकीय बाजूवर होता. तो ऐकून अमेरिकेतल्या एका ताईंनी विचारलं, "एजन्सीच्या फॉर्मवर डोनरशी संपर्क किती हवा, असा रकाना आहे. आम्ही दोघं तिथेच अडलोय. काय लिहू?" आजचा भाग त्या एका रकान्याबद्दल.

अमेरिकेत हे ठरवणारा देशभराचा एकच कायदा नाही. त्यामुळे बरंचसं एजन्सी, क्लिनिक आणि दोन्ही बाजूंच्या करारावर अवलंबून असतं. ढोबळमानाने तीन पर्याय दिसतात.

पहिला, अनोळखी डोनर. तिचं वय, उंची, शिक्षण, घरातले आजार कळतात, कधी लहानपणीचा फोटोही मिळतो. नाव मात्र कळत नाही. दुसरा, अर्धी ओळख. पूर्ण नाव-पत्ता न देता एखादा व्हिडिओ कॉल होतो आणि पुढचे निरोप एजन्सीमार्फत जातात. तिसरा, खुली ओळख. नाव, फोन, भेट, सगळं. बहीण किंवा मैत्रीण डोनर असेल तर हेच असतं. याशिवाय, आत्ता ओळख नाही पण मूल 18 वर्षांचं झालं की त्याला नाव कळेल, अशीही सोय करता येते.

भारतात हा रकाना जोडप्याच्या हाती फारसा येतच नाही. 2021 च्या एआरटी कायद्यानुसार डोनर नोंदणीकृत बँकेकडून येते. तिचं वय 23 ते 35 असावं लागतं, ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते आणि मुलावर तिचा पालक म्हणून हक्क राहत नाही. ब्रिटनचा मार्ग वेगळा. तिथे 1 एप्रिल 2005 नंतर नोंदणी झालेल्या डोनरची ओळख मुलाला 18 व्या वर्षी मागता येते. म्हणजे तिथे कायद्याने मुलाची बाजू आधीच धरून ठेवली आहे.

आता मनातली भीती. "ओळख ठेवली तर उद्या ती मुलावर हक्क सांगेल का?" इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. संपर्क म्हणजे हक्क नव्हे. 2024 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. बीज दिलं होतं पत्नीच्या सख्ख्या बहिणीने, जुळ्या मुली सरोगसीतून झाल्या होत्या. केवळ बीज दिल्यामुळे बहिणीला आईचा कायदेशीर हक्क मिळत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. अमेरिकेत मात्र राज्यागणिक कायदा बदलतो. म्हणून करार करताना दोन्ही बाजूंचे वकील वेगवेगळे असावेत.

मग अनोळखीच बरं, असं वाटेल. पण डीएनए चाचण्या आता घरबसल्या होतात. डोनरने स्वतः चाचणी केली नसली, तरी तिच्या मावसभावाने केली तर धागा लागू शकतो. आज नाव विचारलं नाही म्हणजे ते कधीच कळणार नाही, असं कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. कोलोरॅडो राज्याने तर 2025 पासून कायमस्वरूपी निनावी दानाला जागाच ठेवलेली नाही.

दुसरं कारण तब्येतीचं. बीज देताना डोनर चोवीस-पंचवीस वर्षांची असते. तिला किंवा तिच्या आईला पुढे दहा वर्षांनी एखादा आनुवंशिक आजार निघाला, तर ती बातमी तुमच्यापर्यंत यायला वाट हवी ना?

आणि डोनरचंही आयुष्य आहे. तिचं लग्न होईल, तिला मुलं होतील. तिला फार संपर्क नको असेल तर मागे लागू नका. अपेक्षा जुळतील अशीच डोनर निवडा.

तर ताई, माझं मत सांगते. आज संपर्क कमी ठेवलात तरी चालेल, पण दार कायमचं बंद करू नका. करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. तब्येतीची बातमी कोणी, कोणामार्फत कळवायची? एजन्सी बंद पडली तर पत्ते आणि नोंदी कोणाकडे राहतील? मूल 18 वर्षांचं झाल्यावर त्याला काय कळेल? आणि दोघांच्या संमतीने संपर्क वाढवायचा किंवा कमी करायचा झाला, तर तो कसा? संपर्क नंतर वाढवता येतो. पण पत्ताच कोणी जपला नाही, तर वीस वर्षांनी शोधायचं कुठे?

सही करण्याआधी समुपदेशकाशी एकदा दोघांनी मिळून बोला. फॉर्म भरणारे तुम्ही दोघं, पण "मी कोणासारखा दिसतो?" हे विचारणारं माणूस अजून जन्मायचंय. त्याच्यासाठी थोडी जागा रिकामी ठेवा.

हे सगळं मुलाला कधी आणि कसं सांगायचं, ते पुढच्या भागात. तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटूया!