माजी विद्यार्थिनींची वर्गवार्ता : एक दुर्लक्षित साधन

अमेरिकेतील कॅथलिक महिला महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थिनींसाठी निघणाऱ्या नियतकालिकांत पदवीच्या वर्षानुसार ‘वर्गवार्ता’ छापण्याची परंपरा आहे. वर्गाची एक प्रतिनिधी मैत्रिणींकडून खुशाली मागवून ती संकलित करते. 1950 च्या दशकातील पदवीधरांच्या वार्तांत प्रथम विवाह व अपत्यजन्म येतात. पुढे नोकरी, नातवंडे, शस्त्रक्रिया, वैधव्य आणि अखेर निधन.

वरवर पाहता हा घरगुती मजकूर होय. परंतु स्त्री-इतिहासाच्या अभ्यासकास तो मोलाचा आहे. त्या काळी विवाहित अमेरिकन स्त्रीचा उल्लेख बहुधा ‘मिसेस’ लावून पतीच्या संपूर्ण नावाने होई. वर्गवार्तेत मात्र तिचे स्वतःचे नाव, माहेरचे आडनाव व पदवीचे वर्ष एकत्र राहते. अन्यत्र हरवलेली व्यक्ती येथे सापडते. (लग्नात नावच बदलण्याची रीत ठाऊक असलेल्या मराठी वाचकास याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.)

अर्थात हे साधन जपूनच वापरावे लागते. सांगण्यासारखे काही आहे, त्याच बहुधा लिहितात. घटस्फोट वा धर्मसंघाचा त्याग यांविषयी जुन्या वार्तांत मौन संभवते. एखादीची वार्ता वर्षानुवर्षे न येणे हीदेखील नोंदच मानावी.

संस्थाच बंद पडली की प्रश्न बिकट होतो. उर्सुलाइन धर्मभगिनींनी 1904 मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापिलेले कॉलेज ऑफ न्यू रोशेल 2019 मध्ये बंद झाले. गुणपत्रकांची व्यवस्था मर्सी कॉलेजकडे गेली. ऐंशी वर्षांच्या पदवीधर स्त्रीने वर्गमैत्रिणीच्या निधनाची वार्ता कोठे पाठवावी, हे अशा व्यवस्थेत बसत नाही.