मुलांना घेऊन : औंधला डोळे, मिरजेत हात

साताऱ्याहून औंध साधारण ४० किलोमीटर. तिथल्या यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मांची ‘सैरंध्री’ आहे, हेन्री मूरचं दगडातलं आई-मूलही आहे. पण इथे हाताची घडी! चार-पाच वर्षांच्या पोराला ते फार वेळ जमत नाही. दोन-तीन दालनं पाहावीत आणि उरलेली मस्ती डोंगरावर जिरवावी.

हात लावायचाच तर सांगलीशेजारचं मिरज. सतारमेकर गल्लीत दीडशे वर्षांहून जास्त काळ तंतुवाद्यं घडताहेत. २०२४ मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकान हाच कारखाना, तेव्हा आधी विचारावं, गिऱ्हाइकांची गर्दी टाळावी. वाळक्या भोपळ्यावर मुलांना टिचकी मारू द्या. आत पोकळ, म्हणून घुमतो. मग खरी गंमत. तंबोऱ्याची एक तार छेडायला लावा आणि कारागिराला घोडीवरचा, तारेखालचा सुती दोरा किंचित सरकवायला सांगा. मिटलेला आवाज एकदम झंकारतो. तार तीच, ताण तोच! पोरं दहादा करायला लावतात, कारागिराचा अंत पाहू नये. पटाशी आणि पॉलिशपासून मात्र चार हात लांब.

प्रयोगांचीच चटक लागली तर पुण्यात ‘आयुका’ची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. टाकाऊतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता इथेच काम करत. जाण्याआधी फोन जरूर करावा.