कूलर फिरतो, पण हवा फेकत नाही

नवतपा जवळ आला की गोरेगाव असो, सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "ताई, मागच्या साली कूलर खोली थंडगार करत होता, यंदा नुसता घूं घूं करतो. मोटर गेली का?"

बहुतेक वेळा मोटर गेलेली नसते. दुकानात नेली की "नवीन टाका" असं ऐकायला मिळतं आणि हजाराच्या वर खर्च निघतो. म्हणून आधी घरी काय पाहता येतं, ते सांगतो.

पाहण्याआधी प्लग काढायचा. बटण बंद केलं म्हणजे झालं, असं नाही. आपल्या घरांत पुष्कळदा बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं असतं. पंखा थांबतो, पण करंट आत उभाच असतो. कूलरचं अंग पत्र्याचं, आत पाणी, खाली ओली फरशी आणि आपले पाय उघडे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या येतात. पाणी भरायचं काम घरात कोणाकडे असतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून पाणी भरतानाही प्लग बाहेरच हवा.

आता हवेकडे वळू. पंखा जोरात फिरतो पण हवा लागत नाही, की पंखाच हळू फिरतो? हे आधी ठरवा, कारण दोन्हींचे इलाज वेगळे.

पंखा जोरात असेल तर मोटरीला हात लावायचं कारण नाही. ताट्या बघा. दोन उन्हाळे वापरलेल्या गवतात धूळ आणि पाण्याचा क्षार बसून ते दगडासारखं होतं, त्यातून हवा आत शिरतच नाही. ताट्या काढून कूलर जरा वेळ कोरडाच चालवा. हवा एकदम वाढली तर दोष ताट्यांचा. पंख्याच्या पात्यांवरचा मळही पुसा. पातं दांड्यावर ढिलं झालं असेल तर स्क्रू आवळा. मोटर नुकतीच दुरुस्त करून आणली असेल, तर पंखा उलटा तर फिरत नाही ना, तेही बघा. तारा अदलाबदल झाल्या की तसं होतं आणि हवा खोलीत यायची ती मागे जाते. आणि खोलीची एक खिडकी उघडी ठेवा. जुनी हवा बाहेर गेली नाही तर नवी येणार कुठून?

पंखाच हळू असेल तर आधी वेळ बघा. संध्याकाळी हळू आणि रात्री अकरानंतर चांगला, असं असेल तर व्होल्टेज कमी पडतंय. घरातला बल्बही तेव्हा मंद दिसेल. आपल्याकडे उन्हाळी धानाचे पंप आणि गावभरचे कूलर एकाच डीपीवर चालतात. अशा वेळी मोटर बदलून काही होणार नाही. चार घरांत तोच त्रास असेल तर गटाच्या नावाने महावितरणला अर्ज द्या, १९१२ वर तक्रार नोंदवा. फक्त तुमच्याच घरी असेल तर बारीक, लांबच लांब जोडवायर वापरली का, ते बघा.

व्होल्टेज ठीक असेल तर प्लग काढून पंखा हाताने फिरवा. जड फिरत असेल तर बुश कोरडे पडलेत. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब पुरतं. खायचं तेल घालू नका, ते चिकट होऊन बसतं. दांडा बाजूला हलत असेल तर बुश झिजले, ते मिस्त्रीकडूनच बदलून घ्यायचे.

हाताने हलका फिरतो, पण सुरू केल्यावर नुसता घूं करतो किंवा हळूहळू वेग घेतो? मग कंडेन्सरवर संशय घ्या. मोटरीजवळची ही छोटी डबी पंख्याला फिरायचा जोर देते. वर्षांगणिक ती कमजोर होते. तिची किंमत शंभर रुपयांच्या आत-बाहेर, आणि आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा दोष हिचाच निघतो. डबीवर २.५, ४ असा आकडा असतो. नवीही त्याच आकड्याची हवी, मोठा आकडा टाकला तर मोटर तापते. मात्र हे काम मिस्त्रीला करू द्या. प्लग काढल्यावरही त्या डबीत थोडा वेळ करंट साठलेला राहतो. मिस्त्रीला स्पष्ट म्हणा, "आधी कंडेन्सर बदलून पाहा," आणि जुना परत मागून घ्या. त्यात लाजायचं काय?

मोटरीला जळका वास येत असेल तर मात्र वाइंडिंग गेलं. तिथे ती भरून घेणं किंवा बदलणं, याला इलाज नाही.

मिस्त्री आलाच आहे तर अर्थिंगही तपासून घ्या. गावात बनवलेल्या पुष्कळ कूलरना दोनच तारा असतात. तीन तारांची वायर, तीन पिनांचा प्लग आणि घराला खरं अर्थिंग, तिन्ही पाहिजेत. मीटरजवळ ३० मिलीअँपिअरची ईएलसीबी बसवली तर करंट गळताच वीज आपोआप बंद होते. गटातून छोटं कर्ज कशाला घ्यावं असं कोणी विचारलं, तर आम्ही याचं नाव आधी घेऊ. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर कूलर त्याच क्षणी बंद. "थोडासाच लागतो" म्हणून चालवायचा नाही.

मृग लागल्यावर मात्र कूलर दुरुस्तीला नेऊ नका. हवेतच ओल भरली की ताटीतलं पाणी उडत नाही आणि चांगला कूलरही दमट वारा देतो. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. पाऊस पक्का झाला की टाकी रिकामी करून पुसा, ताट्या उन्हात वाळवा आणि बुशला तेल देऊन कूलर झाकून ठेवा.